कर्णनाद, बाधिर्य आणि जिनिंगचा आवाज

कापसाचा हंगाम सुरू झाला की वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर परिसरात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने गजबजतात. एका शेडमध्ये अनेक रेचे एकदम चालतात आणि रुई-सरकी वेगळी होत असता कामगाराला शेजाऱ्याशीही ओरडून बोलावे लागते. हातभर अंतरावर ओरडावे लागणे, हीच आवाज घातक पातळीवर पोहोचल्याची साधी खूण होय.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात असात्म्येन्द्रियार्थसंयोग हे रोगाचे एक मूळ कारण सांगितले आहे. मेघगर्जना, पटह, आक्रोश असे शब्द अतिमात्र ऐकणे हा तेथे श्रोत्रेंद्रियाचा अतियोग मानला आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात वर्णिलेल्या २८ कर्णरोगांपैकी कर्णनाद, कर्णक्ष्वेड व बाधिर्य यांची लक्षणे या कामगारांच्या तक्रारींशी जुळतात.

आधुनिक शास्त्रानुसार अशा आवाजाने अंतःकर्णातील केशपेशी नष्ट होतात व त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रारंभी ४००० हर्ट्झच्या आसपासचे श्रवण घटते; बोलणे ऐकू येते, पण शब्द स्पष्ट कळत नाहीत. पाळीनंतरची बधिरता सुरुवातीला विश्रांतीने ओसरते, म्हणून रुग्ण निर्धास्त राहतो. अमेरिकेतील नायॉश या संस्थेने ८ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचविली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित काळ निम्मा होतो.

कर्णनादाच्या रुग्णास बिल्वतैल देऊन आपण मोकळे होतो काय, हा प्रश्न आम्ही व्यवसायबंधूंपुढे ठेवू इच्छितो. चरकाने नित्य कर्णतर्पणाचे गुण सांगितले आहेत; तथापि तैलाने नष्ट पेशी परत येत नाहीत, आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी त्याच शेडमध्ये उभा राहिला तर व्याधी वाढणारच. सुश्रुताने चिकित्सेचे सार निदानपरिवर्जनात सांगितले आहे, ते येथे तंतोतंत लागू पडते.

म्हणून प्रत्येक रुग्णास व्यवसाय, कामाची वर्षे व आवाजाचे स्वरूप विचारावे. तैल घालण्यापूर्वी कर्णपटल तपासावे. छिद्र वा स्राव असल्यास कर्णपूरण टाळावे. श्रवणमापनासाठी रुग्णास कर्णरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. तो अहवाल जपून ठेवण्यास सांगावे, कारण भरपाईच्या दाव्यात तोच आधार ठरतो. ध्वनिजन्य बहिरेपणा कारखाने अधिनियमाच्या अधिसूचनीय रोगांत होता; २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीतही तो आहे.

औषधालयधारकांसही आमची विनंती आहे. कानात आवाज येतो म्हणून तैल मागणाऱ्या ग्राहकास कामाची चौकशी केल्याविना बाटली देऊ नये. जिनिंगचे कामगार हाताशी असलेला कापूसच कानात घालतात; त्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचे कर्णरोधक अल्प किमतीत मिळतात. ते दुकानात ठेवावेत आणि नीट बसविण्याची रीत ग्राहकास दाखवावी. गेलेले श्रवण परत आणणे आपल्या हाती नाही. उरलेले राखणे मात्र निश्चित आहे.