पर्किन्सला आलेले पाहुणे

१८४२च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स बॉस्टनला उतरले आणि थोड्याच दिवसांत तिथल्या अंधशाळेत गेले. डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाउ यांनी १८३२ साली वर्ग सुरू केलेली ही शाळा म्हणजेच आजचे ‘पर्किन्स स्कूल फॉर द ब्लाइंड’. तिथे डिकन्स यांना लॉरा ब्रिजमन भेटली. दोन वर्षांची असताना तापात तिची दृष्टी गेली, कानही गेले. सातव्या वर्षी ती शाळेत आली. हाउंनी चमचा, सुरी, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांतली त्यांची नावे चिकटवली. आधी ती नुसती चिठ्ठीला वस्तू जुळवायची, मग सुटी अक्षरे लावू लागली. मनातले दुसऱ्याला कळवायची ही वाट आहे, हे उमगायला बरेच दिवस गेले. पुढे तळहातावर बोटांनी उमटवलेली अक्षरे हीच तिची बोली झाली.

लॉराला पाहायला त्या काळी गर्दी लोटे. मुलांना असे प्रदर्शनात मांडणे मला मुळीच पटत नाही. डिकन्स यांनी मात्र ‘अमेरिकन नोट्स’मध्ये हाउंचे अहवालच पानेच्या पाने उतरवून दिले, तिला शिकवले कसे, ते त्यात होते. चाळीसेक वर्षांनी अलाबामात केट केलर यांनी ते वाचले. त्यांची लहानगी हेलन अंध आणि बधिर होती. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या सल्ल्याने घरच्यांनी पर्किन्सला लिहिले आणि शाळेने आपली माजी विद्यार्थिनी ॲन सुलिव्हन हिला धाडले. ३ मार्च १८८७ रोजी ती पोचली, तेव्हा तिच्याजवळ हेलनसाठी बाहुली होती. बाहुलीचे कपडे लॉराने शिवले होते, आणि बोटांची लिपीही ॲन लॉराबरोबर राहूनच शिकली होती.

याच शाळेतले सुतारकामाचे शिक्षक डेव्हिड अब्राहम यांनी घडवलेले, उठावाच्या टिंबांची ब्रेल लिपी लिहायचे यंत्र ‘पर्किन्स ब्रेलर’ १९५१ साली बाहेर पडले. सहा टिंबांना सहा कळा. अक्षराची टिंबे एकदमच दाबायची. ब्रेल पाटीवर कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे टोचावे लागते; इथे लिहिलेले लगेच बोटांखाली वाचता येते.

मुलांकडे बॉस्टनला जाणाऱ्या मराठी आईवडिलांनी ही शाळा जरूर पाहावी. आधी लिहून परवानगी घ्या, मुलांचे फोटो काढू नका, शिक्षकांना ‘हे कसे शिकवता?’ एवढे विचारा. आणि परतल्यावर ते आपल्या गावच्या अंधशाळेतल्या शिक्षकांना जाऊन सांगा.