पदपथावरचा व्यापार आणि नगरपालिकेचे प्रमाणपत्र

बाजारपेठेतील दुकानदार आणि त्याच्या दुकानासमोर बसणारा फेरीवाला यांच्यातील वाद महाराष्ट्रातील प्रत्येक शहराला परिचित आहे. दुकानदार मालमत्ता कर भरतो, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे सादर करतो, नोकरांचे पगार आणि विजेचे बिल वेळेवर देतो. आणि दिवाळीच्या ऐन गर्दीत त्याच्याच पायरीसमोर त्याच प्रकारचा माल कमी दराने विकला जातो. त्याची तक्रार खोटी नाही. दुसरीकडे, सकाळी उधारीवर माल उचलून रात्री हिशेब चुकता करणाऱ्या फेरीवाल्याला अतिक्रमण विभागाची गाडी केव्हा येईल आणि दिवसाची पुंजी केव्हा उचलून नेईल याची शाश्वती नसते. त्याची भीतीही खोटी नाही. या दोन्ही बाजूंना एकाच नियमाखाली आणणारा कायदा देशात २०१४ पासून अस्तित्वात आहे. तरीही तो पुरता समजून घेतलेले व्यापारी फार थोडे आढळतात.

न्यायालयापासून कायद्यापर्यंत

पूर्वी फेरीवाल्यांचे नियमन सर्वस्वी नगरपालिकांच्या कायद्यांवर चालत असे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात सार्वजनिक रस्त्यावर विक्री करण्यासाठी आयुक्तांचा परवाना आवश्यक मानला होता आणि विनापरवाना मांडलेला माल पूर्वसूचना न देता हटविण्याचा अधिकारही आयुक्तांना होता. नवे परवाने देणे मात्र हळूहळू थांबले आणि विक्रेत्यांची संख्या वाढत राहिली. परवाना मागणाऱ्याला तो मिळत नाही आणि परवाना नाही म्हणून माल जप्त होतो, अशी कोंडी निर्माण झाली. या कोंडीतूनच हप्तेबाजीला वाट मिळाली.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी मुंबईतील फेरीवाल्यांच्या खटल्यात ‘फेरीवाला क्षेत्र’ आणि ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ या कल्पनेवर न्यायालयाने विचार केला. पुढे १९८९ च्या सोदनसिंग खटल्यात घटनापीठाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. रस्त्यावर व्यापार करणे हा घटनेच्या अनुच्छेद १९ (१) (छ) खालील हक्क आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, ही पहिली. विशिष्ट जागा कायमची अडवून बसण्याचा हक्क मात्र कोणालाही नाही, ही दुसरी. २०१४ चा पथविक्रेता (उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन) अधिनियम याच दोन खांबांवर उभा आहे. त्याला ४ मार्च २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ मेपासून तो अमलात आला. रेल्वेच्या हद्दीतील जागेला तो लागू नाही.

प्रमाणपत्र कसे मिळते?

या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने, मग ती महानगरपालिका असो, नगरपरिषद असो वा नगरपंचायत, दर पाच वर्षांतून किमान एकदा आपल्या हद्दीतील सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे आहे. सर्वेक्षणात आढळलेल्या विक्रेत्यांना प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के या मर्यादेत सामावून घ्यावयाचे आहे. ८० हजार लोकवस्तीच्या गावात ही मर्यादा २,००० होते. एखाद्या क्षेत्राच्या क्षमतेपेक्षा इच्छुक अधिक असतील तर सोडत काढावी आणि उरलेल्यांना लगतच्या क्षेत्रात जागा द्यावी, असा नियम आहे.

पात्र विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेली असणे, व्यवसाय स्वतः किंवा कुटुंबातील व्यक्तीमार्फत चालविणे आणि उपजीविकेचे दुसरे साधन नसणे या त्याच्या प्रमुख अटी आहेत. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. विक्रेत्याचा मृत्यू झाल्यास किंवा त्याला कायमचे अपंगत्व आल्यास ते प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंत जोडीदाराकडे किंवा अवलंबून असलेल्या अपत्याकडे जाते. प्रमाणपत्राच्या अटींचा भंग झाल्यास, विक्रेत्याचे म्हणणे ऐकून घेऊन, ते निलंबित किंवा रद्द करता येते.

या अटींचा अर्थ दुकानदारांनीही नीट ध्यानात घ्यावा असा आहे. स्वतःचे दुकान असलेली व्यक्ती पदपथावरच्या जागेसाठी पात्र ठरत नाही. काही बाजारपेठांत दुकानासमोरची जागा फेरीवाल्याला महिना ठरवून देण्याची प्रथा आहे. ती जागा नगरपालिकेची असते. तिचे भाडे घेण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. दुकानाबाहेर मांडलेले स्टँड, पुतळे आणि माल टांगलेल्या दांड्या हेही अतिक्रमणच ठरते. पादचाऱ्याची वाट अडविणारा हात दुकानाच्या आतून आला की बाहेरून, हा भेद चालणाऱ्याला करता येत नाही.

जागा, स्थलांतर आणि जप्ती

कोणते क्षेत्र विक्रीसाठी खुले, कोणते मर्यादित आणि कोणते प्रतिबंधित, हे आराखड्यातून ठरते. सर्वेक्षणात नोंदलेला जुना वा नैसर्गिकरीत्या तयार झालेला बाजार ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ म्हणून घोषित करता येत नाही. ज्या बाजारात विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आहेत, तो वारसा बाजार मानावयाचा आहे. पुण्यातील तुळशीबागेसारख्या ठिकाणी, जेथे दुकाने आणि पथारी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या, तेथे या तरतुदींचे मर्म सहज उमगते. तेथील गिऱ्हाईक दोघांसाठी मिळून येते.

सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विद्यमान विक्रेत्याला हटविता येत नाही. त्यानंतरही स्थलांतरासाठी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केल्यास त्याची यादी करून सहीनिशी तिची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नियमानुसार शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजी दिवसांत परत मिळाला पाहिजे. प्रमाणपत्राशिवाय विक्री किंवा अटींचा भंग केल्यास २,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विक्रेत्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र निवारण समिती असते आणि तिचे अध्यक्षपद दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी म्हणून काम केलेल्या व्यक्तीकडे असते.

समितीतील रिकामी खुर्ची

या सर्व यंत्रणेचा कणा म्हणजे नगर पथविक्रेता समिती. महानगरपालिकेचे आयुक्त किंवा नगरपरिषदेचे मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे असून त्यांत एक तृतीयांश महिला असतात. किमान दहा टक्के सदस्य स्वयंसेवी संस्थांचे असतात. याखेरीज पोलीस, वाहतूक पोलीस, नियोजन प्राधिकरण, वैद्यकीय अधिकारी, रहिवासी संघटना, बँका आणि व्यापारी संघटना यांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद कायद्याने केली आहे.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. कोणती गल्ली विक्रीसाठी खुली असावी, कोणत्या वेळेत असावी, मालाची चढउतार करण्यासाठी रस्ता केव्हा मोकळा असावा, अग्निशमन वाहनाची वाट कोठून राखावी, हे सारे प्रश्न या समितीसमोर मांडता येतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी व्यापारी संघटना मोर्चा काढते, बंद पुकारते, निवेदन देते; मात्र समितीवर आपला प्रतिनिधी आहे का, तो बैठकीस जातो का, याची चौकशी करीत नाही. मोर्चाने एक दिवस रस्ता मोकळा होतो. समितीत घेतलेला निर्णय टिकतो.

मुंबईचा धडा

कायदा होऊनही समिती कार्यरत न झाल्यास काय होते, याचे उदाहरण मुंबईने घालून दिले. २०१४ च्या सर्वेक्षणात तेथे सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीत अधिवासाच्या दाखल्यासारख्या अटींवर असंख्य अर्ज अडकले आणि प्रकरण वारंवार न्यायालयात गेले. समितीवरील विक्रेता प्रतिनिधींसाठी मतदान झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे कायदा अमलात आल्यानंतर दहा वर्षांनी. मधल्या काळात, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला आणि स्थानक परिसरातील फेरीवाल्यांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये व धर्मस्थळांपासून १०० मीटरपर्यंत विक्रीवरचे निर्बंध कायम ठेवले. मंदिराबाहेर फुले व पूजासाहित्य विकणाऱ्यांना त्यात सवलत आहे.

दहा वर्षांच्या या दिरंगाईत फेरीवाल्याला संरक्षण मिळाले नाही आणि दुकानदाराला मोकळा पदपथही मिळाला नाही. ज्याची नोंद नाही त्याच्यावर अट घालता येत नाही. आणि ज्याला आज ना उद्या हटविले जाणारच आहे, तो आपली जागा झाडून ठेवण्याची तसदी का घेईल?

एकाच साखळीतील दोन कड्या

नोंदणीचा आर्थिक लाभही मोठा आहे. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला विनातारण खेळते भांडवल मिळू लागले. सुरुवातीला पहिला हप्ता १०,००० रुपयांचा होता. २०२५ च्या फेररचनेत तो १५,००० आणि दुसरा २५,००० करण्यात आला, तर तिसरा ५०,००० कायम राहिला. वेळेवर परतफेड करणाऱ्यास व्याजात सात टक्के अनुदान मिळते. पूर्वी खासगी सावकाराखेरीज आधार नसलेल्या विक्रेत्याची पत त्यामुळे बँकेच्या दप्तरात नोंदली जाते.

याचा संबंध व्यापारी घराण्यांशी थेट येतो. पदपथावर विकले जाणारे कापड, प्लॅस्टिकच्या वस्तू, भांडी, खेळणी, कटलरी हा माल कोठून येतो? तो बहुतांशी घाऊक पेढ्यांतूनच येतो. समोर बसणारा फेरीवाला एका दुकानदाराचा प्रतिस्पर्धी असला, तरी दुसऱ्या व्यापाऱ्याचा तो रोजचा गिऱ्हाईक असतो. जप्तीच्या गाडीत गेलेला माल पुष्कळदा घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीच्या वहीतला असतो. नोंदणीकृत, ठावठिकाणा असलेला आणि बँकेत खाते चालविणारा विक्रेता हा अशा पेढीसाठी अधिक खात्रीचा ऋणको ठरतो.

म्हणून प्रत्येक गावातील व्यापारी संघटनेने आपल्या नगरपरिषदेकडे चार गोष्टी लेखी विचाराव्यात. शेवटचे सर्वेक्षण कोणत्या वर्षी झाले? नगर पथविक्रेता समितीची शेवटची बैठक केव्हा झाली? विक्री क्षेत्रांची अधिकृत यादी कोठे पाहता येईल? आणि समितीवर व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी कोण आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर बाजार, हिशेब आणि कायदा या तिन्हींची जाण असलेली एखादी व्यक्ती संघटनेने ठरावाने सुचवावी आणि तिने प्रत्येक बैठकीस हजर राहावे.