हेडलॅम्पच्या खोक्यावरचे लुमेन बघून पैसे देताय? आधी हा हिशोब बघा

कळसूबाई. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. शनिवारी रात्री पायथ्याच्या बारी गावातून चढायला सुरुवात करायची आणि सूर्योदयाला माथ्यावर पोचायचं, हा पुण्या-मुंबई-नाशिकच्या पोरापोरींचा ठरलेला कार्यक्रम. माझाही पहिला नाईट ट्रेक हाच.

निघायच्या आठवडाभर आधी मी ऑनलाइन एक हेडलॅम्प मागवला. किंमत साडेचारशे रुपये आणि खोक्यावर ठळक अक्षरात छापलेलं, '१०,००० लुमेन'. गावात गाडीतून उतरून लावला तेव्हा समोरचं झाड लख्ख दिसलं. म्हटलं, काम झालं.

पण तासाभरात उजेड पिवळट पडायला लागला आणि दुसऱ्या लोखंडी शिडीवर तर पायरी कुठंय तेच दिसेना. एका हातात मोबाईलचा टॉर्च आणि दुसऱ्या हातानं कठडा, असं करत मी कशीबशी वर सरकत होते. शेवटी मागून येणाऱ्या एका काकांनी त्यांच्या डोक्यावरच्या साध्या, जुन्या दिव्याचा उजेड माझ्या पायाशी धरला आणि उरलेल्या शिड्या त्याच उजेडात पार पडल्या.

वर पोचल्यावर काकांनी विचारलं, "किती लुमेनचा होता गं तुझा?" मी आकडा सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "घरातला बल्ब किती लुमेनचा असतो, बघितलंयस का कधी?"

घरी येऊन बघितलं. तिथूनच हा सगळा विषय सुरू झाला.

तर लुमेन म्हणजे काय?

दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून जेवढा उजेड बाहेर पडतो, त्याचं माप म्हणजे लुमेन. आपल्या हॉलमध्ये असतो तो ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेनचा असतो. म्हणजे १०,००० लुमेन म्हणजे असे अकरा बल्ब एकदम कपाळावर लावल्यासारखं झालं. साडेचारशे रुपयांत आणि तेही एका छोट्या बॅटरीवर.

गणित सोपं आहे. एलईडी दिवा एका वॅटमागे ढोबळमानाने १०० लुमेन देतो. १०,००० लुमेनसाठी १०० वॅट लागतील. हेडलॅम्पमध्ये हल्ली सर्रास दिसणारा सेल म्हणजे १८६५०. हा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा लिथियम सेल असतो, नावाचा अर्थच तो. ३.७ व्होल्ट आणि ३,००० एमएएच धरले तर त्यात सुमारे ११ वॅट-अवर ऊर्जा मावते. १०० वॅटने ती ओढली तर सहा-सात मिनिटांत संपेल, आणि तेवढ्यात कपाळ भाजून निघेल. थोडक्यात, खोक्यावरचा तो आकडा खोटा होता.

बरं, आकडा खरा असला तरी सगळं सुटतं असं नाही. खऱ्या १,००० लुमेनसाठीसुद्धा साधारण १० वॅट लागतात. म्हणजे तोच सेल तासाभरात संपतो. शिवाय एवढ्याशा दिव्याला उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून बहुतेक चांगले हेडलॅम्प काही मिनिटांतच स्वतःहून उजेड कमी करतात. खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे त्या पहिल्या काही मिनिटांचा कौतुकसोहळा.

मग नक्की लागतात किती?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरेच कमी. साधारण अंदाज असा:

- तंबूत सामान शोधणं, स्वयंपाक, वाचन: ५ ते २० लुमेन
- मळलेल्या वाटेवर चालणं: ५० ते १००
- कातळटप्पा, घसाऱ्याची उतरण, चुकलेली वाट शोधणं: १५० ते ३००
- अंधारात पळणं किंवा सायकल चालवणं: ३०० च्या पुढं

आणखी एक गोष्ट. दिवा तोच ठेवून लुमेन चौपट केले तर झोत जेमतेम दुप्पट लांब जातो. म्हणजे २५० वरून १,००० वर गेलात तर बॅटरी चौपट वेगानं संपते आणि बदल्यात अंतर फक्त दुप्पट मिळतं. लांबचं बघायचं असेल तर एकवटलेला झोत हवा आणि पायाखालचं बघायचं असेल तर पसरट. चालण्यासाठी पसरट उजेड जास्त कामाचा. दोन्ही असलेला दिवा मिळाला तर उत्तमच.

'५० तास चालतो' ही कुठली भानगड?

हेडलॅम्प मोजण्याचं एक प्रमाण आहे, एएनएसआय एफएल १. नावाजलेल्या कंपन्या ते वापरतात. त्यात रनटाइम मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ३०० लुमेनचा दिवा ३० लुमेनवर घसरला तरी कागदावर तो 'चालू'च असतो. झोताचं अंतर मोजतात ते उजेड ०.२५ लक्सवर येईपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. १०० मीटर लिहिलंय म्हणून १०० मीटरवरची वाट स्पष्ट दिसेल, अशा भ्रमात राहू नका.

त्यात अनेक खोक्यांवर लुमेन लिहिलेले असतात सगळ्यात मोठ्या मोडचे आणि तास लिहिलेले असतात सगळ्यात मंद मोडचे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले की वाचणाऱ्याला वाटतं, ३०० लुमेन ५० तास!

म्हणून दुकानात किंवा वेबसाइटवर एकच प्रश्न विचारायचा: १०० लुमेनवर किती तास?

रात्री अकराला चढायला सुरुवात केली तर पहाटे सहापर्यंत सात तास झाले. १०० लुमेन म्हणजे साधारण १ वॅट, म्हणजे ७ वॅट-अवर लागणार. ११ वॅट-अवरचा १८६५० सेल हे आरामात निभावतो. टीव्हीच्या रिमोटमधले तीन बारीक सेल मिळून ३ ते ४ वॅट-अवर देतात, म्हणजे अर्ध्या रात्रीत गारद. ते वापरायचे तर सुट्या सेलचा एक संच सोबत पाहिजेच.

पैसे कुठे घालायचे? बॅटरीत

तुमचा पहिला हेडलॅम्प असाच तीन बारीक सेलवाला असेल आणि आता बदलायचा विचार असेल, तर फरक खरा पडतो तो इथे.

रिमोटचे सेल: कुठल्याही गावातल्या किराणा दुकानात मिळतात, ही मोठी सोय. पण सेल उतरत जातो तसा उजेडही कमी होत जातो. रिचार्जेबल निकेल सेल घेतले तर दरवेळचा खर्च वाचतो. महिन्यातून एखादाच ट्रेक करत असाल तर एवढा बदलसुद्धा पुरेल, नवा दिवा घ्यायची गरजही नाही.

आत बसवलेली बॅटरी: हलकी आणि स्वस्त. पण डोंगरात संपली तर पॉवर बँक जोडून बसावं लागतं आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी थकली की अख्खा दिवा कचऱ्यात.

काढता येणारा लिथियम सेल: माझं मत विचाराल तर नियमित जाणाऱ्यांसाठी हाच. जास्तीचा सेल खिशात टाकला की रात्र दुप्पट झाली. फक्त सेल भरवशाचा घ्या. चांगल्या १८६५० सेलची क्षमता साधारण ३,५०० एमएएचच्या आसपास असते. ९,९०० लिहिलेला दिसला तर हात लावू नका. आणि सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात ठेवायचा नाही. दोन टोकं जोडली गेली तर तो पेट घेऊ शकतो. प्लास्टिकची डबी वीस-तीस रुपयांना मिळते, तीच वापरा.

काही दिव्यांत रिचार्जेबल बॅटरी किंवा बारीक सेल, दोन्ही चालतात. लांबच्या ट्रेकला ही सोय बरी. हिमालयात जाणार असाल तर थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. रात्री बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आणि विमानात सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच ठेवायचे असतात, चेक-इनमध्ये नाही.

पाऊस, धुकं आणि काजवे

सह्याद्रीत जून ते सप्टेंबर फिरायचं तर पाण्याचा विचार आधी. आयपीएक्स ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी सहन करतो, पावसाला एवढं चालतं. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. ओढे ओलांडणार असाल तर हा बरा. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी बूच घट्ट बसतंय ना, हेही बघा.

धुक्यात वेगळीच गंमत होते. कपाळावरचा झोत डोळ्यांच्या अगदी जवळून निघतो, धुक्याच्या थेंबांवर आपटतो आणि सरळ डोळ्यांत परत येतो. समोर पांढरी भिंत. अशा वेळी लुमेन वाढवले तर भिंत आणखी पांढरी होते. उपाय फुकट आहे: दिवा डोक्यावरून काढा, कमरेच्या उंचीवर हातात धरा आणि उजेड कमी करा. वाट दिसायला लागते.

लाल दिव्याचा उपयोग काय, असंही बरेच जण विचारतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोतानं ते सगळं वाया जातं. लाल उजेडानं तसं फारसं होत नाही. तारे बघताना, तंबूत इतरांची झोप न मोडता उठताना तो कामाला येतो. मेअखेरीस भंडारदरा, राजमाची भागात काजवे बघायला जाणार असाल तर दिवा बंदच ठेवा, कारण ते चमकून जोडीदाराला खुणावत असतात आणि आपल्या उजेडात त्यांची खूण हरवते. अगदीच लागला तर लाल, तोही जमिनीकडं.

चालताना मात्र पांढराच. लाल उजेडात साप नीट ओळखू येत नाही. हे फक्त ट्रेकर्ससाठी नाही. शेतीची वीज रात्री येते म्हणून पाणी द्यायला जाणाऱ्यांच्या डोक्यावरही आता हेच दिवे दिसतात. त्यांच्यासाठी पसरट पांढरा उजेड आणि रात्रभर पुरणारी बॅटरी, एवढंच महत्त्वाचं.

छोट्या वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या गोष्टी

- लॉक: बॅगेत बटण दाबलं जाऊन दिवा आपोआप लागतो आणि पायथ्यालाच बॅटरी संपते. लॉक नसेल तर एक सेल उलटा घालून ठेवा.
- वजन: बारीक सेलवाला साधारण ८०-९० ग्रॅम. १८६५० सेलच एकटा ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. पळणार असाल तर डोक्यावर लावून उड्या मारून बघा.
- मान: दिवा खाली वाकवता यायलाच हवा. नाहीतर बोलताना समोरच्याचे डोळे दिपतात.
- टाइप-सी: काही स्वस्त दिव्यांना टाइप-सी पोर्ट असतं, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलनं ते चार्जच होत नाहीत. सोबत आलेली केबल टाकून देऊ नका.

बजेट कमी आहे, मग?

ग्रुपमधल्या सगळ्यांनी महागडा दिवा घ्यायची गरज नसते. सगळ्यात पुढं वाट काढणारा आणि सगळ्यात मागं राहून सगळ्यांना सांभाळणारा, या दोघांकडे दमदार दिवे हवेत. मधल्यांचं १०० लुमेनमध्ये भागतं. चार मित्रांनी काँट्री काढून दोन चांगले दिवे घेतले तर चार फसव्या दिव्यांपेक्षा ते कधीही परवडतं.

एकट्यासाठी घेत असाल तर पैसे घालायचा क्रम असा ठेवा: आधी १०० लुमेनवर सात तास, मग पाण्यापासून संरक्षण, मग लॉक आणि मंद मोड. मोठ्या लुमेनचा नंबर सगळ्यात शेवटी. पैसे उरले तर त्यातून जास्तीचा सेल घ्या.

परत करायची मुदत संपायच्या आत घरी टेस्ट करा

फुल चार्ज करा, मधल्या मोडवर लावा आणि अंधाऱ्या खोलीत छताकडे तोंड करून ठेवा. मोबाईलमध्ये उजेड मोजणारं फुकट अॅप मिळतं. फोन एकाच जागी ठेवून दर अर्ध्या तासाला आकडा लिहून काढा. खरे लुमेन यातून कळणार नाहीत, पण उजेड कधी निम्म्यावर येतो ते नक्की कळेल. कंपनीच्या दाव्यापेक्षा फारच आधी आला तर दिवा परत पाठवा.

आणि शेवटची गोष्ट, जी मला त्या काकांनीच उतरताना सांगितली. डोंगरात अडकलात आणि फोनला रेंज असेल तर ११२ लावा. रेंज नसेल तर दिव्यानं खूण करायची: एका मिनिटात सहा वेळा उघडझाप, मग एक मिनिट थांबायचं, मग परत सहा. मदतीची ही खूण जगभरच्या गिर्यारोहकांना माहीत असते. समोरून मिनिटाला तीन वेळा उघडझाप दिसली की समजायचं, आपल्याला कुणीतरी बघितलंय.

ही खूण रात्रभर देता यायची असेल तर बॅटरीत जीव उरलेला हवा. येत्या शनिवारी निघणार असाल तर आज रात्रीच दिवा चार्ज करून लावून ठेवा आणि किती तास टिकतो ते बघा.