नळापासून सिरमपर्यंत

मे महिना, सकाळचे साडेनऊ. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग पत्र्याच्या शेडबाहेर आली आहे. पत्रा आत्ताच तापलाय. पुढचे सावलीला चिकटून उभे, मागच्यांच्या डोक्यावर रुमाल, पदर, एकाच्या डोक्यावर तर एक्स-रेचं पाकीट.

खिडकीतला कारकून मान वर न करता विचारतो, "नाव? वय? काय होतंय?"

"कुत्रं चावलं."

कारकून लाल पेनाने कागदावर 'डॉग बाइट' लिहितो. "सरळ जा. नळापासून उजवीकडं."

नळ भिंतीला आहे. खाली सिमेंटचा ओटा, बाजूला जाळीच्या पिशवीत बांधलेली साबणाची वडी. ओट्यावर आठ-नऊ वर्षांचा मुलगा एक पाय पुढे करून बसलाय. पोटरीवर दातांच्या चार खुणा, पण त्या नीट दिसत नाहीत. वर हळद आणि तिखटाचा जाड थर आहे.

"आजी, हे काय थापलंय?" वॉर्डातले मामा विचारतात.

"विष उतरतं म्हणून लावलं."

"काही उतरत नाही. धुवा आधी. पंधरा मिनिटं."

आजीला पंधरा मिनिटं फार वाटतात. मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतात. पाणी वाहतं, पिवळं होऊन जातं, मग लालसर, मग स्वच्छ. मुलगा चुळबुळतो. पुन्हा साबण. ही धुण्याची पाळी उपचाराआधीची तयारी वाटते. खरं तर उपचार इथेच सुरू होतो. कुत्र्याच्या लाळेतून येणाऱ्या रेबीजच्या विषाणूवर चरबीचं वेष्टन असतं आणि साबण ते फोडतो. जेवढे विषाणू नळाखाली जातील, तेवढे आत शिरायचे वाचतात.

उजवीकडे डॉक्टरांचं टेबल. वर पंखा फिरतोय, कागदांवर टॉर्च ठेवलीय. डॉक्टर जखमेकडे बघतात आणि आकडा लिहितात. एक, दोन किंवा तीन.

कॉलेजातली मुलगी घरच्या कुत्र्याने तळहात चाटला म्हणून आलीय. कातडी धडधाकट. "पहिली कॅटेगरी. लस नको. हात धुवा आणि घरी जा." तिच्यामागच्या बाईंच्या मनगटावर मांजरीचा ओरखडा, रक्त नाही. दुसरी. लस. मग तो मुलगा. दात रुतलेत, रक्त आलंय. डॉक्टर तीनचा आकडा गोल करतात आणि खाली लिहितात: लस अधिक सिरम.

"टाके घालायचे नाहीत का?" आजी विचारते.

"नाही. पट्टीही नको. उघडीच राहू द्या."

इंजेक्शनच्या खोलीबाहेर बाकडं. इथे रांग हलत नाही. सिस्टर दारात येऊन डोकी मोजतात. लस कातडीत द्यायची असते, दर खेपेला दोन्ही दंडांवर ०.१ मिली. एक मिलीच्या कुपीत हिशेबाने पाच जणांचं होतं. फोडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, उद्यावर ढकलता येत नाही. त्यामुळे चार-पाच जण जमले की फ्रिज उघडतो. दारावर तापमानाचा तक्ता, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, सगळे आकडे दोन ते आठ अंशांच्या आत.

बाकड्यावर सत्तरीचे एक बाबा आहेत. शेतावर जाताना पायाला धरलं म्हणे. ते शेजारच्याला सांगतात, "आमच्या वेळी पोटात चौदा घ्यायला लागायची." शेजारचा पोट चाचपतो. पोटातली ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. २००४च्या अखेरीस देशात तिचं उत्पादन थांबलं. पण चौदाचा धाक अजून बाकड्यावर बसलेला आहे, आणि त्या धाकानं माणसं घरी थांबतात.

सुई अगदी आडवी जाते. दंडावर हरभऱ्याच्या डाळीएवढा फुगवटा उठतो. सिस्टर मान डोलावतात. फुगवटा आला म्हणजे लस बरोबर जागी गेली.

मग कार्ड. "आज बारा तारीख. हा शून्य दिवस. पुढचा पंधराला, मग एकोणीसला आणि शेवटचा नऊ जूनला." म्हणजे शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. मुलाची आई तारखा बोटांवर मोजते. सिस्टर चारही तारखांभोवती पेनाने चौकट करतात.

आता वजनकाटा. बावीस किलो. सिरम वजनावर ठरतं. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं सिरम किलोला ४० युनिट, म्हणजे ८८० युनिट, जवळजवळ तीन मिली. ते दंडात नाही, जखमेत आणि जखमेच्या कडेनं भरायचं. मामा पाय धरतात, आई डोकं छातीशी घेते. मुलाच्या ओरडण्यानं बाहेरचं बाकडं गप्प होतं.

लसीमुळे शरीर स्वतःच्या अँटिबॉडी तयार करतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. विषाणू तोवर थांबत नाही. नसेवाटे मेंदूची वाट धरतो. सिरम तयार अँटिबॉडी थेट जखमेत पोचवतं. घोड्यांवर अवलंबून नसलेला पर्यायही आता आहे. प्रयोगशाळेत पेशींपासून बनवलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी २०१७ मध्ये भारतात आली. तयार झाली ती पुण्यात. तिचा डोस किलोला ३.३३ युनिट.

ट्रेमध्ये अॅड्रेनलिन भरलेलं आहे. घोड्याच्या सिरमची एखाद्याला अॅलर्जी येते, म्हणून मुलाला थोडा वेळ इथेच बसवतात. तो आता हुंदके देत बिस्किट खातोय.

प्रत्येक दवाखान्यात सिरम असतंच असं नाही. नसलं की लस देऊन हातात जिल्ह्याची चिठ्ठी मिळते, आणि पुष्कळ जण एसटीचं भाडं नि बुडणारी मजुरी मोजून ती खिशात ठेवतात. लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं. चिठ्ठी खिशात ठेवण्याची नाही.

बारा वाजतात. बाहेर अॅम्ब्युलन्सच्या सावलीत दोन कुत्री पसरलीत. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालतात. जगात रेबीजनं दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे, त्यात ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं. जवळजवळ सगळ्यांना तो कुत्र्यापासून होतो. वस्तीतल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर साखळी तुटते. गोव्यानं कुत्र्यांच्या लसीकरणावरच भर दिला आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. या अंगणातल्या दोघांच्या गळ्यात मात्र पट्टाही नाही.

आत सिस्टर रजिस्टर पुढं ओढतात. चार रकाने. पहिला भरगच्च. दुसरा बराच भरलेला. तिसऱ्यात मधून मधून जागा. चौथ्यात पांढरंच जास्त. जखम सुकली, खपली पडली, अठ्ठाविसाव्या दिवशी कोण येतं?

पण विषाणू शरीरात एक ते तीन महिने दबून राहू शकतो, कधी त्याहून जास्त. पाण्याची भीती, वाऱ्याची भीती अशी लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी मात्र हा मृत्यू टळू शकतो. तेव्हा कुत्रं, मांजर, माकड, काहीही चावलं तर हळद-चुना ठेवा बाजूला. साबणानं पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा, रक्त आलं असेल तर सिरम मागून घ्या. आणि शेवटच्या तारखेला न चुकता परत या.