मातीला मागची बाजू असते

शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आपली पुष्कळ मुले देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे सगळे काम कागदावरचे. मग त्यातली एखादी मुलगी कलामहाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला जाते आणि तिच्यापुढे ओल्या शाडूचा गोळा येतो. वस्तुचित्रात ‘अ’ श्रेणी मिळवलेली ही मुलगी इथे गोंधळते. समोरून चेहरा छान करते, पण बाजूने पाहावे तर नाक आहे आणि डोकेच नाही! कानामागे नुसती माती थापलेली. मूर्तीला मागची बाजू असते, हे फळ्यावर लिहून कळत नाही. ते हाताला कळावे लागते.

पुण्यातल्या मुलांना यासाठी फार लांब जायला नको. १८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळालेली मंडई आहेच. तिची अष्टकोनी दगडी इमारत एका जागी उभे राहून कळत नाही, भोवती फिरावे लागते. आत गाळ्यावर लिंबांची रास पाहा. खालच्या लिंबांमध्ये जी खळी पडते तिच्यात वरचे लिंबू बसते, म्हणून रास ढासळत नाही. ‘रचना’ शब्दाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा शिक्षकांनी मुलांना अशी एक रास रचायला लावावी.

दुसरा पाठ भोपळ्याचा. डोळे मिटून लाल भोपळा, दोडका, कारले हातांनी चाचपायचे आणि मग न पाहता मातीत करायचे. फुगवटा कुठे, खाच किती खोल, हे बोटे बरोबर सांगतात. नंतर भोपळा कापावा. साल, गर आणि मधली पोकळी दिसते. शिल्पात पोकळी हासुद्धा आकारच असतो. (भोपळ्याची भाजी करावी, वाया घालवू नये.)

जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत जोसेफ आल्बर्स १९२० च्या दशकात नवख्या विद्यार्थ्यांना वर्तमानपत्राचे कागद देत आणि तुकडाही वाया न घालवता त्यातून काही उभे करा म्हणत. आपला शेंगदाणेवाला सपाट कागदाचा पुडा वळतो, तोही याच जातीचा धडा. मंडईजवळच्या बुरूड आळीत बांबूच्या चपट्या पट्ट्यांतून टोपली उभी राहते. ज्या हातकामाला जातीच्या नावाने हिणवले गेले, तेच महाविद्यालयात ‘त्रिमितीय संकल्प’ या नावाने शिकवतात आणि त्याला गुण देतात. ज्यांच्या घरात सूप-टोपल्या विणल्या गेल्या, त्या मुलांनी तिथे बुजण्याचे काहीच कारण नाही.

आणि ही विद्या आपल्याला हवी आहे. ९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात शिल्पकार बाळ चव्हाण यांनी घडवलेले फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे बसले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. संसदेच्या आवारातला १९६७ चा पुतळा ब्रह्मेश वाघ यांचा. त्यानंतर वस्त्या-वस्त्यांतून पुतळे उभे राहिले. वर्गणी लोकांनी पोटाला चिमटा घेऊन दिली, पण काही ठिकाणी चेहरा ओळखू येत नाही. समिती एकच समोरचा फोटो देते, मग बाजूचा चेहरा अंदाजाने होतो. उंच चौथऱ्यावरचा पुतळा खालून पाहिला की डोके लहान दिसते, म्हणून जाणता शिल्पकार ते किंचित मोठे करतो. हात उंचावलेला असेल तर मातीच्या कामात आत लोखंडी सांगाडा लागतो, नाहीतर ओल्या मातीच्या वजनाने हातच गळतो. नमुना पाहायला जाणाऱ्या समितीत हे जाणणारी आपली एक तरी मुलगी असावी.

पालकांना खर्चाची धास्ती वाटते. पण सरावाचा शाडू पुन्हा पुन्हा वापरता येतो. काम अर्धे राहिले तर त्यावर ओले फडके गुंडाळावे, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालावी. सुकलाच तर फोडून बादलीत भिजत टाकावा. मुरल्यावर मळून घेतला की पुन्हा कामाला येतो.