खुंट्यावरचा घोडा खंगला तर...

भाकरी का करपली? घोडा का अडला? विड्याची पाने का नासली? तिन्हींचे उत्तर एकच: फिरवली नाहीत म्हणून. हे कोडे तुम्ही लहानपणीच सोडवले असेल. पण शेतकरी बंधुभगिनींनो, ‘घोडा का खंगला?’ याला असे एकच उत्तर नसते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर चिखली-मेहकरकडे काय नि घाटाखाली मलकापूरकडे काय, घोडा आता दिसतो तो बहुधा वरातीत किंवा मेंढपाळाच्या बिऱ्हाडाबरोबर. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नतिथी नसतात. कमाई थांबते, पोट थांबत नाही. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि कडबाही महागला. अशा वेळी बरगड्या निघालेले जनावर दिसले की आपण मालकाला कसाई ठरवून मोकळे होतो.

जाणता पशुवैद्यक तशी घाई करीत नाही. केसांखाली हाडे लपतात, म्हणून तो बरगड्या हाताने चाचपतो. दात, खूर, लीद, खोगिराच्या जखमा तपासतो. दाढांना टोके आली असतील, तर पुढ्यात चारा असूनही घोडा उपाशी राहतो. जंतानेही तो खंगतो. नाकातून चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. तेव्हा दूर राहून दवाखान्याला कळवावे.

पाहिलेले सारे डॉक्टरांनी तारखेनिशी लिहून ठेवावे. मग मालकाशी बोलावे, पण चारचौघांत पाणउतारा करून नव्हे. अडचण चाऱ्याची असेल तर गावाने हात द्यावा. हयगय असेल तर काय सुधारायचे ते लिहून द्यावे आणि ठरल्या दिवशी पुन्हा जाऊन पाहावे. पुन्हा गेलेच नाही, तर पहिली फेरी फुकट जाते.

तरीही मालक ऐकत नसेल, तर कायदा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार मालकाने पुरेसा चारा, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे. शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकाकडून तपासून घेऊ शकतो. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपयेच! तेवढ्याने घोड्याचे पोट भरत नाही, म्हणून आधीची समजूत मोलाची.

आणि तुम्ही काय करावे? परस्पर दावे सोडू नका. दया येऊन चंदीचा भरला तोबराही लावू नका. फार दिवस उपाशी असलेला घोडा एकदम धान्य खाऊन दगावू शकतो. स्वच्छ पाणी आणि वाळले गवत थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्या, तेही मालकाला विचारून. 1962 या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा.

मुक्या जनावराला तक्रार करता येत नाही. ती तुम्ही वेळेवर केलीत, तर कदाचित पुढच्या तुळशीच्या लग्नाला तोच घोडा वरातीत दिसेल.