पक्षाची विद्यार्थी शाखा : ती कशी उभी राहते?

आमचे शेजारी तात्या यांचा मुलगा जिल्ह्याच्या कॉलेजात शिकतो. दिवाळीच्या सुटीत तो घरी आला. त्याच्या पिशवीत पुस्तकांबरोबर एक पावतीपुस्तक निघाले. त्यावर एका लहान पक्षाच्या विद्यार्थी शाखेचे नाव होते. तात्या घाबरले. पावतीपुस्तक घेऊन ते आमच्या ओट्यावर आले.

"गुरुजी," ते म्हणाले, "पोराला शिकायला धाडला. हे कसलं खूळ घेऊन आला? फाडून टाकू का?"

आम्ही म्हटले, "तात्या, बसा. फाडायला वेळ लागत नाही. आधी ती वस्तू काय आहे ते बघू."

त्या दिवशी आम्ही तात्यांना जे सांगितले, तेच इथे लिहीत आहोत. आज गावोगावची मुले-मुली कॉलेजात जातात. तेव्हा ही गोष्ट प्रत्येक आईबापाला ठाऊक पाहिजे. आम्ही स्वतः कोणत्याही पक्षाचे नाही. कुणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही.

विद्यार्थी शाखा म्हणजे काय?

कांदा लावायचा तर आपण बी सरळ शेतात फेकतो का? नाही. आधी वाफ्यात रोप तयार करतो. रोप हाताएवढे झाले की मग शेतात लावतो. पक्ष हे शेत धरले, तर विद्यार्थी शाखा हा वाफा आहे. तिथे उद्याचे कार्यकर्ते तयार होतात.

आपल्या देशात पूर्वी २१ वर्षे पुरी झाल्यावर मत देता येई. १९८९ सालापासून १८ व्या वर्षी मत मिळते. ग्रामपंचायतीला उभे राहायला २१ वर्षे पुरी लागतात. आमदार किंवा खासदार व्हायला २५ लागतात. म्हणजे मुलगा कॉलेजात असतो तेव्हाच तो मतदार होतो. म्हणून पक्षांचे लक्ष कॉलेजांकडे असते.

ही गोष्ट नवी नाही. १९३६ साली, इंग्रजांच्या राज्यात, लखनौला सगळ्या देशातल्या विद्यार्थ्यांची परिषद भरली आणि ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन ही संघटना निघाली. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या विचारांच्या आणखी संघटना निघाल्या. काही उघडपणे पक्षाच्या शाखा आहेत. काही म्हणतात, आमचा विचार अमुक, पण आम्ही कुणाची शाखा नाही.

लहान पक्ष कॉलेजात का जातो?

मोठ्या पक्षाजवळ पैसा असतो, गाड्या असतात, गावोगाव माणसे असतात. लहान पक्षाजवळ यातले काही नसते. मग तो काय करतो? जिथे सगळ्या तालुक्यांची मुले एके ठिकाणी येतात, तिथे जातो. विद्यापीठात दहा मुलांना विचार पटला, तर सुटीत तो विचार दहा गावांत पोचतो. एसटीच्या भाड्यावाचून पक्षाचा दुसरा खर्च नाही.

बिहारचे उदाहरण घ्या. तिथे भाकप (माले) लिबरेशन नावाचा एक लहान डावा पक्ष आहे. भोजपूर भागातल्या भूमिहीन मजुरांत त्याचे काम होते. १९९० साली अलाहाबादला या पक्षाच्या विचाराची 'आयसा' ही विद्यार्थी संघटना निघाली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तिने पाय रोवले. चंद्रशेखर प्रसाद नावाचा सिवान जिल्ह्यातला तरुण तिथे दोनदा विद्यार्थी संघाचा अध्यक्ष झाला. शिक्षणानंतर त्याने दिल्लीत नोकरी धरली नाही. तो आपल्या सिवानला परत आला आणि गोरगरिबांत काम करू लागला. ३१ मार्च १९९७ रोजी चौकात सभा घेत असताना त्याला गोळ्या घालून मारले.

पुढे २०२० साली बिहार विधानसभेच्या निवडणुकीत या पक्षाने १९ जागा लढवल्या आणि १२ जिंकल्या. त्यात याच विद्यापीठातल्या विद्यार्थी संघाचा एक जुना सरचिटणीसही आमदार झाला. वाफा टाकल्यापासून तीस वर्षांनी हे पीक आले. त्या पक्षाचा विचार कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. आम्हाला दोनच गोष्टी दाखवायच्या आहेत. या कामाला फार वर्षे लागतात. आणि हे काम म्हणजे पोरखेळ नाही, त्यात कधी कधी जिवाशी गाठ असते.

शाखा उभी कशी राहते?

पहिली गोष्ट म्हणजे एक खरा प्रश्न. नुसता झेंडा घेऊन उभे राहिले तर कोणी जवळ येत नाही. वसतिगृहात पाणी नाही, शिष्यवृत्ती सहा महिने आली नाही, शेवटची एसटी वर्ग सुटण्याआधीच निघते, असा एखादा प्रश्न धरावा लागतो. अर्ज लिहावा, सह्या घ्याव्यात, प्राचार्यांना भेटावे. एक प्रश्न सुटला की मुलांचा विश्वास बसतो. दहा प्रश्न एकदम धरले तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत होते.

लहान प्रश्नात केवढी ताकद असते ते गुजरातेत दिसले. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात खाणावळीचे बिल वाढले. मुले चिडली. गावात धान्य-तेल महागलेलेच होते. बघता बघता सारे राज्य पेटले. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. पण ह्या दंग्याधोप्यात पोलिसांच्या गोळीबाराने अनेक माणसे मेली, हेही विसरू नये. ठिणगीने चूल पेटते आणि गंजीही पेटते.

दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यास. आठवड्यातून एकदा दहा-बारा मुलांनी बसावे. वर्तमानपत्र वाचावे. पक्षाचा जाहीरनामा वाचावा आणि त्यातले काय पटत नाही तेही बोलावे. विरुद्ध पक्षाच्या मुलालाही बोलवावे. ज्याला उलट प्रश्न सोसत नाही, तो चांगला कार्यकर्ता होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे हिशेब. वर्गणी पाच रुपये असो की पन्नास, पावती फाडलीच पाहिजे. पैसा कुठे गेला ते दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचले पाहिजे. आमच्या पाहण्यात पुष्कळ मंडळे विचारावरून फुटली नाहीत, पैशावरून फुटली.

चौथी गोष्ट म्हणजे मुलींना जागा. सतरंजी अंथरायला आणि स्वागताचे गाणे म्हणायला मुली, आणि खुर्चीवर मुलगे, असे जिथे असते तिथे अर्धे घर रिकामेच राहते. जातीचेही तसेच. एकाच जातीची मुले जमली तर ती शाखा नव्हे, भावकी झाली.

पाचवी गोष्ट सगळ्यात अवघड. कॉलेजातला मुलगा तीन वर्षांनी निघून जातो. आज जो पुढारी, तो उद्या गावाकडे किंवा नोकरीवर. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना लगेच कामाला लावावे लागते. वही, शिक्का, पत्ते, हिशेब हे सारे खालच्या वर्गाच्या हाती द्यावे लागते. जो पुढारी मागचा माणूस तयार करीत नाही, त्याच्याबरोबर त्याची शाखाही कॉलेज सोडते.

निवडणुकीचे नियम

कॉलेजच्या निवडणुकीत पैसा आणि मारामारी शिरली, म्हणून सरकारने लिंगडोह समिती नेमली. तिच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू केल्या. उमेदवाराला ५००० रुपयांहून जास्त खर्च करता येत नाही. छापील भित्तीपत्रके लावता येत नाहीत, हाताने लिहिलेली चालतात. उमेदवाराची वर्गातली हजेरी ७५ टक्के पाहिजे. विद्यार्थ्यांची निवडणूक राजकीय पक्षांपासून दूर ठेवावी, असेही समितीने म्हटले आहे.

आपल्या महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने उघड निवडणूक बंद झाली आणि गुणांवर प्रतिनिधी नेमू लागले. २०१६ च्या कायद्यात मतदानाने निवडायची तरतूद पुन्हा आली.

धोका कुठे आहे?

आता आमच्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो. आमच्या शाळेतला एक हुशार मुलगा शहरात शिकायला गेला. एका पक्षाच्या लोकांनी त्याला मोर्चात पुढे केले. दगडफेक झाली. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. ज्यांनी त्याला पुढे केले, त्यांतला एकही जण कोर्टात आला नाही. तारखांना बापच जायचा, रोजगार बुडवून. मुलाची परीक्षा हुकली. पुढे सरकारी नोकरीची वेळ आली, तेव्हा पोलीस पडताळणीत तो गुन्हा आडवा आला. त्या मुलाने आम्हाला विचारले, "गुरुजी, माझी चूक काय झाली?" आम्ही म्हटले, "पुढे गेलास ही चूक नाही. कोणाबरोबर चाललो आहोत ते विचारले नाहीस, ही चूक."

हे ऐकून तात्या म्हणाले, "मग फाडूच का पावतीपुस्तक?"

आम्ही म्हटले, "नाही. मुलाला बोलवा आणि विचारा."

मुलगा आला. तात्यांनी आमच्यासमोर त्याला पाच प्रश्न विचारले. तुमची शाखा कोणत्या प्रश्नावर काम करते? पैशाचा हिशेब कोण ठेवतो? वरचा पुढारी चुकला तर तुम्ही तोंडावर सांगू शकता का? मारामारी करा म्हटले तर नाही म्हणता येते का? परीक्षेच्या दिवसांत काम थांबते का?

मुलाने चार प्रश्नांची उत्तरे नीट दिली. शिष्यवृत्तीसाठी त्यांनी दोनशे सह्या गोळा केल्या होत्या. हिशेबाच्या प्रश्नाला मात्र तो खाली बघू लागला. पावत्या फाटत होत्या, पण वही कुणी ठेवत नव्हते.

तात्यांनी दुकानातून एक वही आणवली. मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी हे लिहायला लाग. मग खुशाल पावत्या फाड. आणि वैशाखात घरी येशील तेव्हा मला वाचून दाखव."

तात्या दोन वर्षांपूर्वी आपल्याच साक्षरता वर्गात अक्षरे शिकले. आता मुलाने नुसते वाचून दाखवले तरी ते वही आपल्या हातात घेऊन ताडून पाहतील.

ध्यानात ठेवा

१. मूल १८ वर्षांचे झाले की ते मतदार आहे. त्याला दटावू नका, प्रश्न विचारा.
२. चांगली शाखा खऱ्या प्रश्नावर उभी राहते, नुसत्या घोषणांवर नाही.
३. जिथे हिशेब नाही, तिथे वर्गणी देऊ नका.
४. दगड हाती देणारा पुढारी कोर्टात बरोबर येत नाही.

विचार करा

आपल्या गावातली किती मुले-मुली कॉलेजात आहेत? त्यांच्या कॉलेजातला सगळ्यात मोठा प्रश्न कोणता? या सुटीत त्यांना विचारा आणि आपल्या हाताने वहीत लिहून ठेवा.